विकेंद्रित समाजमाध्यमावर आपली माणसे कशी मिळवावीत? : वाचकांचे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील वाचकांकडून मॅस्टोडॉन आणि त्याच्या जातकुळीतील विकेंद्रित समाजमाध्यमांविषयी अलीकडे बरीच पत्रे आली आहेत. खाते कसे उघडावे हे विचारणारी पत्रे थोडी आहेत. खाते उघडल्यानंतर तिथे रुळावे कसे, हे विचारणारी अधिक. म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून नौपाड्यात राहतो. जुन्या समाजमाध्यमावरच्या जाहिराती आणि भांडणे यांना कंटाळून मुलीच्या सांगण्यावरून मॅस्टोडॉनवर आलो. इथे भांडणे नाहीत, पण मी लिहिलेले कोणी वाचते की नाही, हेच कळत नाही. 'मराठी' असे शोधले तर मोजक्याच पोस्ट दिसतात. एका लेखकाचे खाते सापडले, तेही रिकामे दिसते. माझे काही चुकते आहे का? (नौपाडा, ठाणे)

उत्तर : आपले काहीही चुकत नाही. आपल्याला जे दिसते आहे त्याची कारणे या माध्यमाच्या रचनेतच आहेत आणि ती एकदा समजली की पुढचे बरेच सोपे होते, म्हणून ती आधी सांगतो.

मॅस्टोडॉन हे एका कंपनीच्या मालकीचे संकेतस्थळ नव्हे. जर्मनीतील युजेन रोचको यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेली ती मुक्त संगणकप्रणाली आहे. कोणीही ती आपल्या सर्व्हरवर बसवू शकतो, आणि आज जगभरातील हजारो सर्व्हर वेगवेगळ्या व्यक्ती, गट आणि संस्था आपापल्या खर्चाने चालवत आहेत. हे सर्व्हर ॲक्टिव्हिटीपब नावाच्या समाईक प्रमाणाच्या आधारे एकमेकांशी संपर्क ठेवतात. वेबसाठी प्रमाणे ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने जानेवारी २०१८ मध्ये त्या प्रमाणाला अधिकृत मान्यता दिली. ईमेलची रचनाही मुळात अशीच आहे. सेवा वेगवेगळ्या असल्या तरी पत्र पोचते.

मात्र कोणत्याही सर्व्हरला सगळे जग माहीत नसते. आपल्या सर्व्हरवरील कोणीतरी ज्या बाहेरच्या खात्याला फॉलो करत असते, त्याच खात्याच्या पोस्ट साधारणपणे आपल्या सर्व्हरवर येऊन साठतात. आपण लहान सर्व्हरवर असाल आणि तिथे मराठी लिहिणाऱ्यांना फॉलो करणारे फारसे कोणी नसेल, तर 'मराठी' या हॅशटॅगखाली मोजकेच दिसणार. ते लेखन अस्तित्वात आहे, आपल्या सर्व्हरपर्यंत आलेले नाही, एवढेच. त्या लेखकाच्या खात्याचेही तेच. आपल्या सर्व्हरवर त्यांना आजवर कोणी फॉलो केलेले नसेल, तर त्यांचे जुने लेखन तिथे दिसत नाही. त्यांच्या खात्याच्या मेनूमधून त्यांचे मूळ पान उघडून पाहा, म्हणजे सगळे वाचता येईल; आणि आपण फॉलो केल्यानंतर ते जे लिहितील, ते आपल्याकडे नियमित येऊ लागेल. यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे : आपण फॉलो केलेल्या प्रत्येक मराठी खात्यामुळे आपल्या सर्व्हरवरील इतरांनाही ते लेखन सापडू लागते.

दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. इथे कोणाचे लेखन कोणाला दाखवायचे, हे ठरवणारे गणित नाही. आपल्या मुख्य पानावर आपण निवडलेल्या माणसांच्या पोस्ट काळाच्या क्रमाने येतात. एखाद्याची पोस्ट 'आवडली' अशी खूण केली, तर ती आवड लेखकाला कळते. त्यामुळे ती पोस्ट आणखी चार जणांपुढे जात नाही. ती पुढे जाते बूस्ट केल्याने, म्हणजे आपल्याला फॉलो करणाऱ्यांकडे ती पुढे पाठवल्याने. जुन्या माध्यमावरून येणारी माणसे सवयीने नुसती आवड नोंदवत राहतात, आणि मग कोणाचेच लेखन पसरत नाही. आपल्याला जे मनापासून पटले, ते बूस्ट करावे; संकोच करू नये.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. प्रथम परिचय भरा. ज्याला आपण फॉलो करतो तो माणूस बहुधा आपल्या पानावर येऊन हा कोण आहे हे पाहतो, आणि तिथे चित्र नाही, ओळख नाही, एकही पोस्ट नाही असे दिसले की निघून जातो. ठाण्यात राहतो, अमुक विषय शिकवला, अमुक वाचतो, अमुक विषयावर बोलायला आवडेल, अशी चारपाच वाक्यांची परिचयाची पोस्ट लिहा आणि ती पानाच्या वर टाचून ठेवा. पोस्टला सामान्यतः ५०० अक्षरांची मर्यादा असते. परिचयाला ती पुरते. लिहिताना पोस्टची भाषा मराठी निवडायला विसरू नका. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण ज्यांनी सार्वजनिक टाइमलाइनवर, म्हणजे सर्वांच्या खुल्या पोस्ट दाखवणाऱ्या पानावर, केवळ मराठी पोस्ट दाखवा असे ठरवले आहे, त्यांना आपली पोस्ट तिच्यावर इंग्रजीचा शिक्का असेल तर दिसणारच नाही. हॅशटॅग देवनागरीत चालतात. दोन शब्द जोडायचे असतील तर मध्ये मोकळी जागा न सोडता खालची रेघ वापरावी. शोध बव्हंशी हॅशटॅगवरच चालतो, कारण ज्यांनी स्वतःहून परवानगी दिली आहे त्यांचेच लेखन शब्दांनी शोधता येते. म्हणून प्रत्येक पोस्टखाली विषयाला धरून दोन-तीन हॅशटॅग द्या, आणि आपल्याला आवडणारे हॅशटॅग स्वतः फॉलो करा. त्या विषयावरच्या आपल्या सर्व्हरपर्यंत पोचलेल्या पोस्ट मग मुख्य पानावरच येतात.

एवढे झाल्यावर जे उरते, ते मला सर्वांत मोलाचे वाटते : उत्तरे देणे. आपण स्वतः काय लिहितो यापेक्षा इतरांच्या लिहिण्याला काय उत्तर देतो, यावर इथल्या ओळखी ठरतात. ठाण्याहून रोज ठरावीक लोकलने जाणाऱ्यांच्या डब्यातल्या ग्रुपमध्ये नवा माणूस पहिल्याच दिवशी भाषण करत नाही. तो काही दिवस शेजारी उभा राहतो, कोणाची बॅग रॅकवर ठेवतो, बोलण्यात एखादे वाक्य घालतो, आणि मग कोणीतरी सरकून त्याला चौथी सीट देते. इथेही तसेच घडते. कोणी एखाद्या पुस्तकाविषयी लिहिले असेल आणि आपण ते वर्गात शिकवले असेल, तर त्या अनुभवाची तीन वाक्ये लिहा. कोणी प्रश्न विचारला असेल आणि उत्तर माहीत असेल, तर सांगा. आपण शिक्षक आहात; समोरच्याचे ऐकून नेमके उत्तर देण्याची सवय आपल्याला आहे, आणि या माध्यमात तीच सवय उपयोगी पडते.

धीर मात्र हवा. २०१९ च्या उत्तरार्धात सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटरवरील खाते बंद केले गेले, तेव्हा निषेध म्हणून भारतातून पुष्कळ जण मॅस्टोडॉनवर आले. २०२२ च्या ऑक्टोबर अखेरीस इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतल्यानंतर जगभरातून त्याहून मोठी लाट आली. दोन्ही वेळी बरेच लोक थोड्या काळात परत गेले. जुन्या जागेचा राग माणसाला इथवर आणतो. इथे टिकण्यासाठी मात्र इथल्या कोणाशी तरी संवाद सुरू व्हावा लागतो.

प्रश्न : मॅस्टोडॉनवरचे खासगी निरोप व्हॉट्सॲपइतके सुरक्षित असतात का? (ऐरोली)

उत्तर : नाही. व्हॉट्सॲपवरील संदेश पाठवणाऱ्यापासून घेणाऱ्यापर्यंत कूटबद्ध असतात. मॅस्टोडॉनवरील खासगी निरोप, ज्यांना तिथे खासगी उल्लेख म्हणतात, तसे नसतात. आपल्या आणि समोरच्याच्या सर्व्हरचा ॲडमिन ठरवले तर ते वाचू शकतो. आणखी एक धोका आहे, जो नव्या माणसाला माहीत नसतो : अशा निरोपात तिसऱ्या व्यक्तीच्या खात्याचे नाव पूर्ण पत्त्यासह लिहिले, तर तो निरोप त्या व्यक्तीलाही पोचतो. ज्याच्याविषयी बोलतो आहोत, त्यालाच ते वाचायला मिळते. फोन क्रमांक, पत्ता, आजारपण, पैशाचे व्यवहार यांतले काहीही इथल्या निरोपात लिहू नये. ओळख इथे व्हावी आणि खासगी बोलणे सिग्नल या ॲपवर किंवा फोनवर व्हावे, हे उत्तम.

प्रश्न : मी सीवूड्सला राहते आणि सकाळी टी. एस. चाणक्यजवळच्या पाणथळ जागेवर पक्ष्यांचे फोटो काढते. जुन्या माध्यमावर फ्लेमिंगोच्या फोटोंना शेकडो लाइक मिळत, पण चिखलात फिरणाऱ्या लहान पक्ष्यांची ओळख कोणी पटवून देत नसे. पक्ष्यांविषयी खरोखर बोलणारी माणसे इथे मिळतील का? फोटोखाली वर्णन लिहा, असा आग्रह इथे सगळे का करतात? (सीवूड्स, नवी मुंबई)

उत्तर : मिळतील, आणि त्यासाठी आपले दोन्ही प्रश्न एकमेकांशी जोडलेले आहेत.

फोटोला जोडलेले वर्णन मुळात अंध आणि अधू दृष्टीच्या लोकांसाठी असते. त्यांच्या फोनमधील वाचक-प्रणाली पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचते. फोटो तिला वाचता येत नाही, वर्णन वाचता येते. विकेंद्रित माध्यमांवर असे वापरकर्ते बोलके आहेत, आणि अनेक जण वर्णन नसलेला फोटो बूस्ट न करण्याचे तत्त्व पाळतात. मॅस्टोडॉनवर वर्णनासाठी १५०० अक्षरांची जागा असते. हा आग्रह मला अत्यंत योग्य वाटतो.

पक्षी पाहणाऱ्याला तर त्याचा दुहेरी लाभ आहे. समजा, आपण लिहिले : 'ओहोटीनंतरच्या चिखलात उभा असलेला पक्षी, पाय लांब आणि गुलाबी, पंख काळे, पोट पांढरे, चोच बारीक, सरळ, काळी, डोक्यापेक्षा लांब.' हे वाचून जाणकार माणूस फोटो मोठा करून न पाहताही सांगेल की हा शेकाट्या आहे. तुतारी (सँडपायपर) यांसारख्या एकमेकांशी फार साम्य असलेल्या पक्ष्यांत तर चोचीची लांबी, तिचा बाक, पायांचा रंग यांवरच ओळख ठरते. वर्णन लिहायला बसले की आपण त्याच गोष्टी नीट पाहू लागतो, आणि पाय चिखलात बुडाल्यामुळे दिसले नाहीत हेही लिहितो, जे ओळख पटवणाऱ्याला तितकेच उपयोगी असते. दिनांक, वेळ आणि भरती-ओहोटीची स्थिती लिहावी. 'सुंदर सकाळ' असे लिहिलेल्या फोटोला आवडीच्या खुणा मिळतात. 'या पक्ष्याच्या चोचीचे टोक किंचित वर वळलेले दिसते, हा कोणता असावा?' असे लिहिले की उत्तरे येतात.

माणसे शोधण्यासाठी केवळ मराठी हॅशटॅगवर थांबू नये. पक्ष्यांविषयीचे इंग्रजी हॅशटॅग जगभर चालतात आणि ठाणे खाडीत हिवाळ्यात उतरणारे पाहुणे पक्षी उन्हाळ्यात दुसऱ्या कोणाच्या तरी गावी असतात. उत्तरेकडील देशांत त्याच जातीचा पक्षी विणीच्या रंगात पाहणारा निरीक्षक आपल्याला मिळू शकतो. हे या माध्यमावर मिळणारे मोठे सुख आहे. त्यांना आपल्या खाडीविषयी सांगा. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, हे परदेशातील पुष्कळ पक्षिप्रेमींना माहीत नसते. इमारतींच्या रांगेसमोर फ्लेमिंगो उभे असलेले पाहून ते प्रश्न विचारतात, आणि तिथून संवाद सुरू होतो. मराठीतही लिहीत राहा, इंग्रजीत दोन ओळींचा सारांश द्या. फोटोंसाठीच असलेली पिक्सेलफेड ही प्रणालीही ॲक्टिव्हिटीपबवर चालते; तिच्यावर खाते उघडले तरी मॅस्टोडॉनवरील माणसे आपल्याला तिथूनच फॉलो करू शकतात, त्यामुळे दोन ठिकाणी दोन वेगळे गोतावळे सांभाळावे लागत नाहीत.

एक पथ्य अवश्य पाळावे. घरट्याचे किंवा घुबडाच्या बसण्याच्या जागेचे नेमके ठिकाण लिहू नये, आणि येऊरच्या जंगलात काही दुर्मीळ दिसले तर त्याच दिवशी जागा सांगू नये. सार्वजनिक पोस्ट कोणीही वाचू शकतो, आणि एकदा इतर सर्व्हरवर गेलेली प्रत आपण पोस्ट पुसल्यावर प्रत्येक ठिकाणाहून पुसली जाईलच, याची हमी नसते.

प्रश्न : जातीय अत्याचाराच्या एका बातमीवर मी लिहिले, तर एका परदेशी वापरकर्त्याने 'असा मजकूर इशाऱ्याच्या आड ठेवा' असे सांगितले. ही इथली शिस्त आहे की दडपण? (घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : मॅस्टोडॉनवर पोस्टचा मजकूर झाकून वर फक्त विषयाची ओळ दाखवण्याची सोय आहे, वाचणाऱ्याने दाबले की मजकूर उघडतो. काही सर्व्हरच्या नियमांत कोणत्या मजकुराला ती लावावी, हे लिहिलेले असते. आपल्या सर्व्हरचे नियम आपण खाते उघडताना मान्य केलेले असतात आणि ते पाळावेत. दुसऱ्या सर्व्हरवरील माणसाची इच्छा मात्र आपल्यावर बंधनकारक नाही.

हा वाद जुना आहे. २०२२ च्या लाटेत आलेल्या अनेक कृष्णवर्णीय अमेरिकी लेखकांना, वर्णद्वेषाचा स्वतःचा अनुभव लिहिताच, तो इशाऱ्याआड ठेवण्याचे सल्ले मिळाले आणि त्यांतले काही जण त्यामुळे माध्यम सोडून गेले. ज्याच्या वाट्याला अन्याय आला आहे, त्याने तो बोलताना आधी ऐकणाऱ्याची सोय पाहावी, ही अपेक्षा मला मान्य नाही. जखमांचे, मृतदेहाचे छायाचित्र किंवा हिंसेचे तपशीलवार वर्णन असेल, तर ते जरूर झाकावे, कारण अशा घटनेतून स्वतः गेलेली माणसेही वाचत असतात आणि त्यांना तयारीचा क्षण मिळायला हवा. घटना, गाव, खटल्याची स्थिती, आपले मत यांना पडद्याची गरज नाही. ज्याला ते वाचायचे नाही, त्याला शब्दांनुसार गाळणी लावण्याची सोय आहे, आणि ती त्याने वापरावी. आपण लिहीत राहा.

प्रश्न : माझ्या पोस्टखाली दुसऱ्या सर्व्हरवरील एक अनोळखी खाते सतत अश्लील उत्तरे देते. इथे मुख्य कार्यालयच नाही, तर तक्रार करायची कोणाकडे? (खारघर)

उत्तर : प्रथम पुरावा जपा. पोस्टची लिंक, खात्याचे पूर्ण नाव आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या आणि त्यानंतरच ब्लॉक करा. मग त्या पोस्टच्या मेनूतून तक्रार नोंदवा. ती आपल्या स्वतःच्या सर्व्हरच्या मॉडरेटरकडे, म्हणजे मजकुरावर देखरेख ठेवणाऱ्याकडे, जाते. खाते दुसऱ्या सर्व्हरवर असेल, तर तक्रारीची प्रत तिकडेही पाठवायची का, असे विचारले जाते. तो पर्याय निवडला तर प्रत तिकडे जाते. ती सर्व्हरच्या नावाने जाते, आपले नाव तीत नसते. आपला मॉडरेटर ते खाते आपल्या सर्व्हरपुरते बंद करू शकतो, आणि समोरचा सर्व्हरच अशा लोकांना थारा देणारा असेल तर त्याच्याशी संपर्क पूर्ण तोडू शकतो. आपण स्वतःही एखादा संपूर्ण सर्व्हर आपल्यापुरता ब्लॉक करू शकता.

ही व्यवस्था जिथे मॉडरेटर जागरूक आहे तिथे मोठ्या कंपन्यांपेक्षा लवकर हलते, आणि जिथे तो नाही तिथे काहीच होत नाही. तो बहुतेक ठिकाणी आपला वेळ देणारा स्वयंसेवक असतो. म्हणून सर्व्हर निवडताना त्याच्या माहितीच्या पानावर नियम स्पष्ट लिहिले आहेत का, ॲडमिन कोण आहे, कोणत्या सर्व्हरशी संपर्क तोडला आहे आणि का, हे वाचावे. तक्रारीकडे दुर्लक्ष होत असेल तर सर्व्हर बदलावा. त्यासाठी नव्या सर्व्हरवर खाते उघडून त्यात जुन्या खात्याची नोंद करायची आणि मग जुन्या खात्यातून स्थलांतराची आज्ञा द्यायची. फॉलोअर आपोआप नव्या खात्याकडे येतात. आपण ज्यांना फॉलो करता त्यांची आणि ब्लॉक केलेल्यांची यादी फाइलच्या रूपात उतरवून नव्या खात्यात चढवता येते. जुन्या पोस्ट मात्र जुन्या जागीच राहतात. धमकी, पाठलाग किंवा खोटे अश्लील चित्र असा प्रकार असेल, तर मॉडरेटरच्या उत्तराची वाट पाहू नका. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर किंवा नवी मुंबई पोलिसांच्या सायबर पोलीस ठाण्यात तक्रार द्या.

प्रश्न : मॅस्टोडॉन की ब्लूस्काय? (वाशी)

उत्तर : आपल्या विषयातील माणसे जिथे बोलत असतील तिथे. ब्लूस्काय हे दुसरे समाजमाध्यम फेब्रुवारी २०२४ पासून निमंत्रणाशिवाय सर्वांना खुले झाले. त्याचे प्रमाण वेगळे आहे आणि सुरुवातीला रुळणे तिथे सोपे जाते. मात्र तिथली बहुतेक खाती आजही एकाच कंपनीच्या सर्व्हरवर आहेत. भारतात सुरू झालेले कू हे समाजमाध्यम जुलै २०२४ मध्ये बंद झाले, त्याआधी २०१४ मध्ये ऑर्कुट बंद झाले. एका कंपनीवर सगळे अवलंबून असले की काय होते, हे त्यांच्यावर जमलेल्या मराठी मंडळींनी अनुभवले आहे. माझा कौल मॅस्टोडॉनला आहे. ब्रिजी फेड नावाची सेवा दोन्हींमध्ये पूल बांधते, त्यामुळे एकीकडे राहून दुसरीकडच्या काही माणसांशी बोलणे शक्य होते.

प्रश्न : आमचे वाचनप्रेमींचे मंडळ कोपरीत दर पंधरवड्याला भेटते. व्हॉट्सॲप ग्रुपवर पुस्तकांच्या चर्चा वाहून जातात. मंडळाचा स्वतःचा सर्व्हर सुरू करावा, असा विचार आहे. संगणक जाणणारा एक तरुण सभासद तयार आहे. आपला सल्ला काय? (कोपरी, ठाणे पूर्व)

उत्तर : ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय उभे आहे, वाचणाऱ्यांनी एकत्र येऊन स्वतःची संस्था चालवण्याची परंपरा या शहराला नवी नाही, आणि आपला विचार मला त्याच वाटेवरचा वाटतो. तरीही लगेच सर्व्हर उभारू नका, असे आग्रहाने सांगतो.

मॅस्टोडॉनचा सर्व्हर चालवणे म्हणजे एकदा बसवून विसरणे नव्हे. सुरक्षेच्या सुधारणा वेळेवर चढवाव्या लागतात, माहितीचा रोज बॅकअप घ्यावा लागतो, आणि सभासद ज्यांना फॉलो करतात त्यांचे फोटो-व्हिडिओ सर्व्हरवर साठत जाऊन जागा भराभर संपते. शिवाय तक्रारी पाहाव्या लागतात. इतरांचा मजकूर प्रसिद्ध करणारी सेवा चालवली की माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली आपण मध्यस्थ ठरता. २०२१ च्या नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव जाहीर करावे लागते आणि तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते. हे सगळे एका तरुणाच्या खांद्यावर टाकले, तर त्याची नोकरी बदलली किंवा परीक्षा आली की सर्व्हर बंद पडेल, आणि सभासदांचे लेखन त्याबरोबर जाईल. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत येणाऱ्या सर्व्हरना म्हणूनच एक करार पाळावा लागतो : रोजचा बॅकअप, ॲडमिनशिवाय आणखी किमान एका व्यक्तीकडे चाव्या, आणि बंद करायचा असल्यास तीन महिने आधी सूचना. आपल्या मंडळाने स्वतःलाही हीच अट घालावी.

मी सुचवतो तो क्रम असा. प्रथम चार-पाच सभासदांनी चांगल्या, नियम स्पष्ट असलेल्या सर्व्हरवर वैयक्तिक खाती उघडावीत आणि मंडळासाठी एक हॅशटॅग ठरवावा. प्रत्येक बैठकीनंतर ज्याने पुस्तक मांडले, त्याने त्यावर दोन-तीन पोस्ट लिहाव्यात आणि बाकीच्यांनी त्याखाली उत्तरे द्यावीत. बाहेरचा वाचक नुसता अहवाल वाचून पुढे जातो. चर्चा चाललेली दिसली की तीत भाग घेतो. मंडळाचे संकेतस्थळ वर्डप्रेसवर असेल, तर ॲक्टिव्हिटीपबचे प्लगइन (जोडप्रणाली) बसवले की त्यावरील लेख मॅस्टोडॉनवरून फॉलो करता येतात आणि तिथली उत्तरे लेखाखाली टिप्पणी म्हणून येतात. लेखन आपल्याच ताब्यात राहते. पुस्तकांसाठीच बनवलेली बुकवर्म ही प्रणालीही पाहावी. तिच्यावर वाचत असलेल्या पुस्तकांची नोंद, परीक्षणे आणि अवतरणे लिहिता येतात आणि ती मॅस्टोडॉनवरील वाचकांना दिसतात.

हे वर्षभर नियमित चालले आणि सर्व्हरची जबाबदारी वाटून घेणारी किमान तीन माणसे पुढे आली, तर मग स्वतःचा सर्व्हर जरूर उभारा. त्या वेळी लहान गटासाठी गोटूसोशल ही हलकी प्रणाली मॅस्टोडॉनपेक्षा कमी साधनांत चालते, तिचा विचार करा. वार्षिक खर्चाची तरतूद मंडळाच्या वर्गणीतच करा. ज्या सर्व्हरवर तोवर राहिलात, त्याच्या ॲडमिनलाही त्या काळात थोडी देणगी देत जा. तोही पदरमोड करूनच चालवत असतो. डोमेनचे नाव फार विचार करून निवडा, कारण सर्व्हर सुरू झाल्यावर ते बदलता येत नाही. आणि ते कोणा एका सभासदाच्या नावावर न घेता मंडळाच्या नावावर घ्या, त्याच्या नूतनीकरणाची तारीख दोघांच्या फोनमध्ये नोंदवून ठेवा.